इनलाइन हॉकीची जागतिक स्पर्धा कशी पाहावी

इनलाइन हॉकीचा आंतरराष्ट्रीय सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या हातून एक चूक हमखास होते, आणि ती मीही केलेली आहे. ती म्हणजे डोळे सतत पकवर खिळवून ठेवणे. तळहातावर मावणारी ती चकती इतक्या वेगाने इकडून तिकडे जाते की पाच मिनिटांत मान अवघडते, गोल झाल्याचे कळते ते जल्लोषावरून, आणि तो कसा झाला हे शेजारच्याला विचारावे लागते. वास्तविक हा खेळ समजण्यास अवघड नाही. पक सध्या कोणत्या संघाकडे आहे एवढे ध्यानात ठेवावे आणि नजर मात्र पक नसलेल्या खेळाडूंवर ठेवावी, म्हणजे पुढे काय घडणार याचा अंदाज आपल्याला आधीच येऊ लागतो. ही सवय कशी लावावी आणि त्यासाठी नियमांतले नेमके काय माहीत असावे, हे येथे सांगायचे आहे.

प्रथम आपण कोणता खेळ पाहणार आहोत याची खात्री करून घ्यावी, कारण चाकांवरच्या हॉकीचे दोन निराळे प्रकार आहेत. एकात बुटाखाली दोन चाके पुढे आणि दोन मागे, मोटारीसारखी असतात, स्टिक आखूड व टोकाशी वळलेली असते आणि खेळ चेंडूने होतो. याला रोलर हॉकी किंवा रिंक हॉकी म्हणतात. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून जो खेळवला गेला आणि ज्यात अर्जेंटिनाने यजमान स्पेनला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला, तो हाच. दुसऱ्या प्रकारात चाके एका ओळीत असतात, स्टिक आइस हॉकीसारखी लांब असते आणि चेंडूऐवजी पक असतो. ही इनलाइन हॉकी. गोंधळात भर अशी की अमेरिकेत इनलाइन हॉकीलाच सर्रास रोलर हॉकी म्हटले जाते. आपल्याकडे रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही संघटना दोन्ही प्रकार सांभाळते, त्यामुळे बातमी वाचताना नुसत्या नावावर विसंबू नये. छायाचित्रात खेळाडूच्या पायाकडे पाहावे, शंका लगेच फिटते.

जुने विक्रम चाळणाऱ्यांसाठी आणखी एक खुलासा आवश्यक आहे. इनलाइन हॉकीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या दोन स्वतंत्र मालिका वीस वर्षांहून अधिक काळ समांतर चालल्या. पहिली मालिका रोलर स्पोर्ट्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची. ही संघटना १९२४ साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे स्थापन झाली, तिची पहिली इनलाइन हॉकी स्पर्धा १९९५ साली शिकागोत झाली आणि २०१७ मध्ये स्केटबोर्डिंगच्या महासंघाशी विलीन होऊन ती ‘वर्ल्ड स्केट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसरी मालिका आइस हॉकीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची. ती १९९६ साली अमेरिकेतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत सुरू झाली आणि २०१७च्या ब्रातिस्लाव्हा येथील स्पर्धेनंतर थांबली. म्हणून एकाच वर्षी दोन देश ‘विश्वविजेते’ दिसले तर तो छपाईचा दोष समजू नये. आज जागतिक स्पर्धा म्हटली की वर्ल्ड स्केटची, असे मानून चालावे. काही वर्षी ती स्वतंत्रपणे भरते, जशी २०१८ मध्ये इटलीतील आझियागो व रोआना येथे भरली, आणि काही वर्षी सर्व चाकांच्या खेळांच्या मोठ्या मेळ्याचा भाग असते. २०१७चे नानजिंग, २०१९चे बार्सिलोना आणि २०२२चे अर्जेंटिना ही त्याची उदाहरणे.

भारतातून थेट प्रक्षेपण पाहायचे असेल तर वेळेचे गणित आधी मांडावे. उन्हाळ्यात इटली किंवा स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथला रात्री नऊचा अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू होतो. अर्जेंटिना साडेआठ तास मागे, म्हणजे तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेतीनला. कार्यक्रमपत्रिकेत स्थानिक वेळ दिलेली असते आणि तारीख बदलते, हे लक्षात न घेतल्यामुळे सामना हुकलेल्यांची संख्या कमी नसावी. साखळीतले दुपारचे सामने आपल्या सोयीच्या वेळी येतात आणि शिकण्यासाठी तेच बरे, कारण त्यांत बलाबलाचा फरक मोठा असल्याने डावपेच ठळक दिसतात.

आता जमीन आणि पक. आंतरराष्ट्रीय सामने बहुधा एकमेकींत अडकवलेल्या प्लॅस्टिकच्या फरश्यांवर होतात. मैदानाची लांबी ४० ते ६० मीटर आणि रुंदी २० ते ३० मीटर, भोवती कठडा आणि कोपरे गोलाकार, त्यामुळे पक कोपऱ्यात अडकून न पडता कडेकडेने फिरत राहतो. प्रत्येक संघाचे चार खेळाडू आणि एक गोलरक्षक मैदानात असतात. आइस हॉकीपेक्षा प्रत्येकी एक खेळाडू कमी, आणि या एका कमी माणसाने खेळाचा सगळा स्वभाव बदलतो, हे पुढे दिसेलच.

माझ्या मुलीच्या स्केटिंगमुळे इनलाइनचा पक मी हातात घेऊन पाहिला आहे. आइस हॉकीचा रबरी पक सुमारे १७० ग्रॅमचा, हातात घेतला की पेपरवेटसारखा भरीव वाटतो. इनलाइनचा पक कठीण प्लॅस्टिकचा आणि वजनाला बराच हलका असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बटणासारखे छोटे उंचवटे बसवलेले असतात, आणि पक जमिनीला टेकतो तो फक्त त्यांच्यावर. बर्फावर पाण्याचा पातळ थर घर्षण कमी करतो, इथे ते काम या बटणांना करावे लागते. ती झिजली की पक उड्या मारू लागतो, कडेवर उभा राहून भिंगरीसारखा पळतो आणि चांगला पासदेखील सहकाऱ्याच्या स्टिकवरून निसटतो. पुण्यातल्या आमच्या ओळखीच्या सिमेंटच्या रिंकवर तर दोन महिन्यांत बटणे सपाट झाली. सामना पाहताना एखादा कसलेला खेळाडू सोपा पास चुकवताना दिसला तर त्याला दोष देण्याआधी पक सपाट होता की कडेवर होता ते पाहावे.

चाकांचेही तसेच. फरश्यांवर पकड मिळावी म्हणून मऊ चाके लागतात, ज्यांचा कठीणपणा ‘ए’ मापावर ७२ ते ७८च्या आसपास असतो, तर डांबर किंवा सिमेंटवर ८२च्या पुढची कठीण चाके वापरावी लागतात, नाहीतर ती खडूसारखी झिजतात. बहुतेक खेळाडूंच्या बुटाखाली पुढची दोन चाके ७६ मिलिमीटरची आणि मागची दोन ८० मिलिमीटरची असतात, ज्यामुळे शरीराचा तोल किंचित पुढे राहतो. हॉकीच्या स्केट्सना ब्रेक नसतो. बर्फावर पाते आडवे करून जसे जागच्या जागी थांबता येते तसे चाकांवर सहज जमत नाही, म्हणून खेळाडू थांबण्याऐवजी वळण घेतात. दोन मिनिटे पकाकडे दुर्लक्ष करून केवळ खेळाडूंच्या मार्गांकडे पाहा: सरळ रेषा फार कमी आणि गोलाकार वळसे सर्वत्र दिसतील. ज्याचे वळण योग्य वेळी पुरे होते त्याच्याकडे पास जातो, आणि ज्याचे चुकते तो पुढचे तीन-चार सेकंद खेळाबाहेर असल्यासारखाच असतो.

पाहण्यासारखा खरा भाग येथून सुरू होतो. आइस हॉकीत मैदानावर निळ्या रेषा असतात आणि पक त्या रेषेपलीकडे जाण्याआधी आक्रमकाने पुढे जायचे नसते. इनलाइन हॉकीत ही ऑफसाइडची अडचण नाही. आपल्या मैदानी हॉकीच्या जुन्या प्रेक्षकांना हा फरक चटकन उमगेल, कारण त्या खेळातूनही ऑफसाइड १९९६ पासून प्रायोगिक आणि १९९८ पासून कायमचा हद्दपार झाला आणि त्यानंतर खेळ किती मोकळा झाला हे त्यांनी पाहिले आहे. इनलाइनमध्ये त्याचे दोन परिणाम होतात. पहिला उघड आहे. एखादा आक्रमक प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ दबा धरून उभा राहू शकतो आणि त्याला थेट लांब पास मिळू शकतो, म्हणून बचावपटूला पाठीमागे पाहत राहावे लागते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आणि नवख्या प्रेक्षकाला बुचकळ्यात टाकणारा आहे. तो म्हणजे माघार.

पक हातात असलेला संघ, पुढे मार्ग दिसत नसेल तर, सरळ आपल्या गोलाकडे परत वळतो. पक आपल्याच गोलजाळीच्या मागे नेतो, चारही खेळाडू पुन्हा आपापल्या जागा घेतात आणि नव्याने चढाई सुरू होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा भित्रेपणा वाटतो आणि प्रेक्षकांतून ‘पुढे चला’ असे ओरडावेसे वाटते. पण विचार करा: शारीरिक धडक मारून प्रतिस्पर्ध्याला पाडण्यास येथे मनाई आहे, मैदान मोकळे आहे आणि प्रत्येक बाजूला चारच माणसे आहेत. अशा स्थितीत गेलेला पक परत मिळवणे फार महाग पडते. म्हणून आइस हॉकीत जसा पक समोरच्या कोपऱ्यात भिरकावून त्यामागे धावण्याचा डाव चालतो, तसा येथे क्वचितच दिसतो. वीस-तीस सेकंद पक राखून, प्रतिस्पर्ध्याला वळसे घालायला लावून, तो एका पावलाने उशीर करेल त्या क्षणी फट शोधायची, ही या खेळाची रीत आहे. माझ्या मते संघाची ताकद जोखण्याची सर्वांत विश्वासार्ह खूण हीच: आघाडी असताना कोणता संघ पक राखतो हे फारसे सांगून जात नाही, पण एका गोलने मागे असताना आणि शेवटची चार मिनिटे उरली असतानाही जो संघ घाई न करता माघार घेऊन पुन्हा उभा राहतो, त्याच्यावर पैज लावायला हरकत नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचे कसे? पक गोलजाळीच्या मागे गेला की तिकडे पाहणे बंद करावे आणि बचाव करणाऱ्या चौघांची आकृती पाहावी. ते बहुधा चौकोनात किंवा पतंगासारख्या आकारात उभे असतात. आक्रमण करणारा संघ त्या आकृतीला एका बाजूला ओढण्याचा प्रयत्न करतो. एक खेळाडू कठड्याजवळून पक घेऊन वर येतो, जवळचा बचावपटू त्याच्याकडे सरकतो, आणि त्याच वेळी लांबच्या बाजूचा आक्रमक कोणाचेही लक्ष नसल्यासारखा वळसा घालून मध्यावर येतो. चौकोनाची एक बाजू ताणली गेली आणि तिरका पास गेला की गोलवर फटका येणारच. हा लांबचा आक्रमक दोन-तीन चढायांत ओळखता आला तर समजावे की सामना वाचता येऊ लागला आहे.

मध्येच दोन-दोन खेळाडू धावत बाकाकडे जातात आणि दुसरे आत उतरतात, यासाठी खेळ थांबत नाही. क्रिकेट किंवा फुटबॉलच्या सवयीमुळे आपण ही अदलाबदल दुर्लक्षितो, पण ती पाहण्यासारखी असते. संघात गोलरक्षक सोडून दहा-बारा खेळाडू असतात आणि ते साधारण मिनिटभराच्या पाळ्यांनी खेळतात. खो-खोत पळतीचे खेळाडू तीन-तीनच्या तुकडीने उतरतात, तशा येथे जोड्या ठरलेल्या असतात, फरक इतकाच की येथे तुकडी बाद होण्याची वाट न पाहता दम संपण्याआधीच बदलली जाते. पक आपल्या ताब्यात आणि आपल्या गोलापासून सुरक्षित अंतरावर असताना बदल करणे हा शहाणपणा, आणि पक गमावल्यावर थकलेला खेळाडू बाकाकडे निघणे हा आत्मघात. कमकुवत संघांनी खाल्लेले कित्येक गोल पाच सेकंद मागे जाऊन पाहिले तर चुकलेल्या अदलाबदलीत सापडतात.

नियमभंगाची सामान्य शिक्षा दोन मिनिटे बाहेर बसण्याची असते आणि त्या वेळेत संघाला तिघांनी खेळावे लागते. स्टिकने अडकवणे, पाडणे, स्टिक खांद्याच्या वर नेऊन खेळणे आणि अंगाने धडक देणे ही नेहमीची कारणे. खांद्याला खांदा लावून पकासाठी झटणे हा मात्र गुन्हा नाही, आणि पंचांचा निर्णय न पटून आरडाओरडा होतो तो बहुधा या सीमारेषेवरच. चारास तीन ही स्थिती आइस हॉकीतल्या पाचास चार या स्थितीपेक्षा कितीतरी जड जाते, कारण बचावाचा चौकोन मोडून त्रिकोण उरतो आणि त्रिकोणाला मैदानाची रुंदी झाकता येत नाही. पॉवरप्ले, म्हणजे एका संघाचा माणूस शिक्षेमुळे कमी असण्याचा हा काळ, सुरू झाला की त्रिकोणाच्या टोकाकडे पाहावे. ते टोक पकाच्या मागे धावू लागले की गोल जवळ आला. किरकोळ शिक्षेच्या काळात गोल झाला तर ती शिक्षा तिथेच संपते.

एक प्रसंग नवख्याला हमखास चकवतो. पंच हात वर करून उभे असतात, शिट्टी वाजत नाही, आणि एका संघाचा गोलरक्षक जाळी मोकळी टाकून बाकाकडे पळत सुटतो. हा वेडेपणा नसतो. प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केला आहे, पण पक निर्दोष संघाकडे असल्यामुळे पंच खेळ चालू ठेवतात. दोषी संघाने पकावर ताबा मिळवला की लगेच शिट्टी होणार, म्हणजे तोवर त्या संघाला गोल करण्याची संधीच नाही, आणि म्हणून गोलरक्षकाच्या जागी पाचवा आक्रमक उतरवण्यात धोका जवळजवळ शून्य असतो. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की स्वतःच्याच चुकलेल्या पासने पक मोकळ्या जाळीत गेला तर तो गोल धरला जातो.

गोलरक्षकाकडे पाहण्यासाठी सामन्याचा एखादा भाग राखून ठेवावा. बर्फावरचा गोलरक्षक गुडघ्यांवर बसून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत घसरत जातो. प्लॅस्टिकच्या फरशीवर पॅड अडकतात, म्हणून इनलाइनचे अनेक गोलरक्षक पॅडच्या आतल्या बाजूला घसरपट्ट्या बसवतात आणि तरीही त्यांना आडवे सरकायला अधिक जोर लागतो. यामुळेच तिरका पास इतका घातक ठरतो. गोलरक्षक पासाआधी हलला की पासानंतर, एवढेच पाहत राहिले तरी त्याची योग्यता कळते.

साखळी फेरीत गुणतक्ता पाहताना बरोबरीचे नियम आधी वाचून ठेवावेत, कारण तीन संघ समान गुणांवर येणे अगदी नित्याचे आहे. समजा, ‘क’ने ‘ख’ला ५–२ असे हरवले, ‘ख’ने ‘ग’ला ४–१ असे हरवले आणि ‘ग’ने ‘क’ला ३–२ असे हरवले. तिघांचा एक विजय, एक पराभव. परस्पर सामन्यांतील गोलफरक काढला तर ‘क’चा अधिक दोन, ‘ख’चा शून्य आणि ‘ग’चा उणे दोन येतो, म्हणजे ‘क’ पहिला. पहिल्या सामन्यात ४–२ अशी आघाडी असतानाही ‘क’ संघ पाचव्या गोलासाठी का धडपडत होता, याचे उत्तर येथे मिळते. तो गोल झाला नसता तर त्याचा फरक अधिक एक आणि ‘ख’चाही अधिक एक झाला असता. बाद फेरीत बरोबरी सुटावी म्हणून जादा वेळ दिला जातो, त्यात पहिला गोल करणारा जिंकतो, आणि तरीही निर्णय न झाल्यास पेनल्टी शॉटवर येतो.

युरोपात राहणाऱ्या किंवा मुद्दाम जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी आझियागोचे उदाहरण घेऊ. हे गाव व्हिचेन्झा प्रांतातील सुमारे हजार मीटर उंचीच्या पठारावर आहे, चीजसाठी प्रसिद्ध आहे, आणि हिवाळ्यातील आइस हॉकीची तिथली परंपरा जुनी आहे. पठारावर चढणारी छोटी रेल्वे १९५८ साली बंद झाली, त्यामुळे खालून बस किंवा मोटार हाच मार्ग. जुलैतही रात्री गारवा असतो, स्वेटर बरोबर ठेवावा. भारतातून जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी करावा असे नियम सांगतो, पण भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. सहा महिन्यांआधी अर्ज करता येत नाही. तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षणही लागते. मैदानात बसताना कठड्यालगतची पहिली रांग टाळावी. तिथून चाकांचा खडखडाट आणि फरशीवर पक आपटल्याचा कोरडा आवाज झकास ऐकू येतो, पण बचावाची आकृती दिसत नाही. मध्यरेषेच्या थोडे बाजूला, वरच्या रांगेत बसावे. कॅमेरेही साधारण त्याच जागी असतात.

सामना संपल्यावर अधिकृत गुणपत्रक मिळाले तर ते जरूर पाहावे. प्रत्येक गोलापुढे वेळ, गोल करणाऱ्याचा क्रमांक आणि त्याला पास देणाऱ्यांचे क्रमांक असतात, आणि गोल पॉवरप्लेवर झाला, माणूस कमी असताना झाला की मोकळ्या जाळीत झाला याचीही खूण असते. पास देणाऱ्यांच्या रकान्यात एकच क्रमांक तीन-चार वेळा दिसला, तर दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात तो क्रमांक पाठीवर शोधून काढावा आणि पक दुसऱ्याकडे असेल तेव्हा त्याच्यावर नजर ठेवावी.